नवऱ्याच्या व्हिसावर ऑस्ट्रेलियात असताना घरात हिंसा होत असेल तर: लेकीने आणि माहेरच्यांनी काय, कोणत्या क्रमाने करायचं

"एक मेल टाकतो, तुझा व्हिसा रद्द होईल, मग जाऊन बस भुसावळला." ही धमकी ऐकली की भल्याभल्या शिकलेल्या मुलींचं तोंड बंद होतं. धमकी पोकळ आहे. बायकोचा व्हिसा रद्द करण्याचा अधिकार नवऱ्याला नाही. तो फार तर आपली स्पॉन्सरशिप, म्हणजे तुमच्या व्हिसासाठी दिलेली हमी, मागे घेईल. व्हिसाचं काय करायचं ते ऑस्ट्रेलियाचा गृह विभाग ठरवतो, आणि त्याच विभागाच्या १९९४ च्या स्थलांतर नियमावलीत अशी सोय आहे की स्पॉन्सरने हिंसा केली आणि नातं तुटलं, तरी बायकोला स्वतःच्या बळावर कायम वास्तव्य मिळू शकतं. या सोयीला तिकडे 'फॅमिली व्हायोलन्स प्रोव्हिजन्स' म्हणतात. वकिलाला फोन केला की पहिल्याच वाक्यात हे शब्द वापरा, म्हणजे वेळ वाचतो.

हा लेख तिकडे मेलबर्न, सिडनी, पर्थला असलेल्या लेकीसाठी आहे आणि इकडे अमळनेर, शिरपूर, शहाद्याला फोन हातात धरून बसलेल्या तिच्या आईवडिलांसाठीही आहे. माहेरच्यांच्या उतावीळपणाने केस बिघडते, म्हणून त्यांनी आपला भाग नीट वाचावा.

१. आधी जीव, मग कागद

अंगावर हात पडतोय, दार बंद केलंय, चाकू उचललाय, अशा वेळी ००० हा नंबर फिरवा आणि 'पोलीस' म्हणा. इंग्रजी अडलं तर आपली भाषा सांगा, दुभाषी मिळतो. जीवाला लगेच धोका नसेल पण बोलायचं असेल तर १८०० ७३७ ७३२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन चोवीस तास चालते. दुभाष्याची सरकारी सेवा १३१ ४५० वर आहे. मराठी दुभाषी त्या क्षणी मिळाला नाही तर हिंदी मागा. नवरा, दीर किंवा ओळखीची वहिनी यांना दुभाषी म्हणून कधीच बसवू नका.

फोन नवऱ्याच्या नावावर असेल तर बिलात नंबर दिसतात. लोकेशन शेअरिंग बंद केलं की त्याला लगेच कळतं, म्हणून आधी दुसरा रस्ता शोधा: डॉक्टरांच्या दवाखान्यातला फोन, सार्वजनिक वाचनालयातला संगणक, मुलाच्या शाळेचं ऑफिस. डॉक्टरांकडे गेल्यावर "मला एकटीने बोलायचंय" एवढं म्हणा. पुढचं ते बघतात.

मारहाण झाली तरच हिंसा, असं मानू नका. पगार काढून घेणं, पासपोर्ट कुलपात ठेवणं, माहेरी फोन करू न देणं, घराबाहेर काढायची धमकी, मुलाला हिरावून घ्यायची धमकी हे सगळं त्यात येतं. आपल्याकडच्या मुलींना ठाऊक नसलेली एक गोष्ट: व्हिक्टोरिया राज्याच्या कायद्यात हुंड्यासाठीचा छळ हे कौटुंबिक हिंसेचं उदाहरण म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे. न्यू साउथ वेल्समध्ये १ जुलै २०२४ पासून जोडीदाराला सतत धाकात, ताब्यात ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

२. आपला व्हिसा कोणता, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा

"पीआर आहे" म्हणजे कायम वास्तव्य मिळालंय, असं नवऱ्याने सांगितलं म्हणून ते खरं धरू नका. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा हल्ली पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, तो पासपोर्ट नंबरला जोडून संगणकात असतो. गृह विभागाच्या 'व्हेवो' या मोफत सेवेत पासपोर्ट नंबर, जन्मतारीख आणि व्हिसा मंजुरीच्या पत्रावरचा नंबर टाकला की व्हिसाचा प्रकार, मुदत आणि अटी समोर येतात. पासपोर्ट नवऱ्याने लपवला म्हणून व्हिसा गेला असं होत नाही, हेही यातूनच समजून घ्या.

लग्नानंतर इथून अर्ज केला असेल तर बहुतेक ३०९ क्रमांकाचा व्हिसा असतो, पुढे त्याचाच कायमस्वरूपी १०० होतो. तिकडे जाऊन अर्ज केला असेल तर ८२० आणि पुढे ८०१. साखरपुडा झालेली, लग्नासाठी गेलेली मुलगी ३०० वर असते. हिंसेची तरतूद मुख्यतः या तीन वाटांसाठी आहे. १५ ऑक्टोबर २०२४ ला ती आणखी रुंद झाली: ३०० वर येऊन लग्न न झालेल्या मुलीही त्यात आल्या, आणि काही कायमस्वरूपी कौशल्य व्हिसांच्या अर्जात नवऱ्याबरोबर नाव असलेल्या बायकाही.

नवरा विद्यार्थी आहे, किंवा कंपनीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे आणि तुम्ही त्याच्यावर अवलंबून आहात, तर ही तरतूद लागू होत नाही. नातं तुटलं म्हणून दुसऱ्या दिवशी व्हिसा आपोआप रद्दही होत नाही. या गटातल्या मुलींनी व्हिसाची मुदत संपायच्या आत वकील गाठणं हे एकच काम सगळ्यांच्या आधी करायचं. मुदत उलटून गेल्यावर वाटा भराभर बंद होतात.

३. विमानात बसण्याआधी थांबा

आपल्या भागातल्या मुलींच्या बाबतीत सगळ्यात जास्त घात इथे होतो. नवरा अचानक गोड बोलायला लागतो, "चल, चुलतभावाचं लग्न आहे, महिनाभर जाऊन येऊ" म्हणतो. जळगावला उतरल्यावर पासपोर्ट सासरच्या कपाटात जातो, बाईला माहेरी सोडलं जातं, नवरा एकटा परत उडतो आणि विभागाला कळवतो की नातं संपलं. ऑस्ट्रेलियाबाहेर असताना हीच केस लढवणं फार जड जातं: डॉक्टर तिकडचे, पोलीस तिकडचे, वकील तिकडचे, आणि कायम व्हिसाचे काही टप्पे तिथे हजर असल्याशिवाय पुढे सरकत नाहीत.

शंका यावी अशी लक्षणं: तिकीट एकाच बाजूचं, तुमचं सगळं सोनं आणि मूळ सर्टिफिकेटं बॅगेत भरायचा आग्रह, तुमच्या नोकरीचा परस्पर राजीनामा, "येताना तू नंतर ये" अशी भाषा. जबरदस्तीने किंवा फसवून, धमकावून ऑस्ट्रेलियाबाहेर पाठवणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे. विमानतळावर पोचल्यावरही पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्याला "मला माझ्या मर्जीविरुद्ध नेत आहेत" एवढं सांगता येतं. फेडरल पोलिसांचा नंबर १३१ २३७ आहे.

घरात खरंच कोणी आजारी आहे आणि जाणं भागच आहे, तर पासपोर्ट स्वतःच्या पर्समध्ये, परतीच्या तिकिटाचे पैसे स्वतःच्या कार्डात, आणि निघण्याआधी वकिलाशी एक फोन.

४. कागद गोळा करा, पण घरात ढीग करू नका

मूळ कागद हलवले की नवऱ्याच्या लक्षात येतं. आधी फोटो काढा, नव्या ईमेलवर पाठवा, फोनमधून पुसा. नवा ईमेल त्याला माहीत असलेल्या फोन नंबरला जोडू नका. जमवायचं ते असं:

पासपोर्टची सगळी पानं आणि व्हिसा मंजुरीचं पत्र, विवाह नोंदणी दाखला, नवऱ्याच्या पासपोर्टची किंवा नागरिकत्वाची प्रत, मुलांचे जन्मदाखले, भाडेकरार, लाइट बिल, जोडखात्याचं स्टेटमेंट, लग्नाचे आणि नंतरचे एकत्र फोटो, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, पोलिसांनी दिलेला घटना क्रमांक, जखमांचे आणि फुटलेल्या वस्तूंचे फोटो, मेसेज आणि व्हॉइस नोट.

भाडेकरार आणि एकत्र फोटो कशाला, असं वाटेल. विभाग दोन गोष्टी तपासतो: नातं तुटेपर्यंत ते खरं होतं का, आणि त्या नात्यात असताना हिंसा झाली का. पहिलीचा पुरावा नसेल तर दुसरीचा कितीही भक्कम असला तरी उपयोग होत नाही. रागाच्या भरात लग्नाचे फोटो डिलीट करणाऱ्या मुली स्वतःचंच नुकसान करून घेतात.

नावांचा घोळ आत्ताच पाहून ठेवा. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, विवाह दाखल्यावर नवऱ्याचं, ग्रामसेवकाने स्पेलिंग तिसरंच घातलेलं, हे आपल्याकडे नेहमीचं. अर्जात 'या तिन्ही नावांची व्यक्ती एकच' असं लिहावं लागतं.

व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट घेताना समोरच्याचा नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. चॅट अहिराणीत किंवा मराठीत असेल तर भाषांतर लागतं. ऑस्ट्रेलियात करून घेतलं तर भाषांतरकार नाटी या संस्थेची मान्यता असलेला हवा. भारतात केलं तर तशी मान्यता लागत नाही, पण भाषांतरकाराने आपलं पूर्ण नाव, पत्ता, फोन, आणि त्या भाषेतली पात्रता व अनुभव लिहून सही करायची असते. हे चार तपशील नसलेलं नुसतं नोटरीच्या शिक्क्याचं भाषांतर चालत नाही. चोरून केलेल्या रेकॉर्डिंगबद्दल मात्र प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे, म्हणून ते करण्याआधी वकिलाला विचारा.

५. हिंसेचा पुरावा: दोन वाटा

पहिली वाट कोर्टाची. नवऱ्याला या हिंसेबद्दल शिक्षा झाली असेल, किंवा कोर्टाने त्याच्याविरुद्ध संरक्षणाचा आदेश दिला असेल, तर तो कागद पुरतो. या आदेशाला व्हिक्टोरियात इंटरव्हेन्शन ऑर्डर म्हणतात, न्यू साउथ वेल्समध्ये एडीव्हीओ, क्वीन्सलँडमध्ये डीव्हीओ. यात एक खाच आहे. पोलीस त्याच रात्री जो तात्पुरता आदेश मिळवून देतात, तो व्हिसाच्या कामाला या वाटेने पुरत नाही. नवऱ्याला बाजू मांडायची संधी दिल्यानंतर झालेला आदेश लागतो. तात्पुरता आदेश हातात घेऊन "आता माझं काम झालं" म्हणत बसू नका, अंतिम सुनावणीची तारीख सोडू नका. नवरा समझोत्याची भाषा करून अर्ज मागे घ्यायला लावतो तेही याच मधल्या काळात.

दुसरी वाट कोर्टाशिवायची, आणि जास्त बायका हिनेच जातात. तुमचं शपथेवरचं निवेदन, त्याचा नमुना म्हणजे फॉर्म १४१०, आणि त्याला जोडून यादीतल्या व्यावसायिकांचे किंवा संस्थांचे कमीत कमी दोन पुरावे. यादीत डॉक्टर किंवा नोंदणीकृत नर्स, हॉस्पिटल, पोलीस, बालकल्याण खातं, महिला आश्रयगृह, सामाजिक कार्यकर्ती, मानसशास्त्रज्ञ, शाळेचे समुपदेशक किंवा मुख्याध्यापक असे गट आहेत. दोन्ही पुरावे वेगवेगळ्या गटातले हवेत. दोन मानसशास्त्रज्ञांची दोन पत्रं दिली तर ती एकच धरली जातात, आणि इथेच बरेच अर्ज अडतात. सामाजिक कार्यकर्ती म्हणजे मंडळात मदत करणारी काकू नव्हे. तिकडच्या व्यावसायिक संघटनेची सभासद, किंवा सभासद होण्याइतकी पात्रता असलेली व्यक्ती लागते.

पत्रात काय हवं तेही ठरलेलं आहे. 'ही बाई तणावात आहे' एवढ्यावर भागत नाही. हिंसा कोणी केली त्याचं नाव, तुमच्यावर कौटुंबिक हिंसा झाली असं त्या व्यक्तीचं मत, आणि ते मत कशावरून बनलं, हे तिन्ही लिहिलेलं पाहिजे. पत्र हातात पडल्यावर तिथेच वाचून बघा. नवऱ्याचं नाव नसेल तर परत द्या.

आता तुमचं निवेदन. 'तो माझा खूप छळ करायचा' या वाक्याला वजन नाही. असं लिहा: 'दिवाळीच्या आधीच्या शनिवारी रात्री त्याने माझा फोन भिंतीवर आपटला, "बापाला सांग पाच लाख टाकायला, नाहीतर रस्त्यावर काढतो" म्हणाला, आणि बेडरूमला बाहेरून कुलूप घातलं. सकाळपर्यंत मी आत होते. तो आत येऊन मारेल अशी मला भीती वाटत होती.' दिवस, जागा, कृती, शब्द, आणि शेवटी भीती. भीती लिहायलाच हवी, कारण नियमात हिंसेची व्याख्याच अशी आहे की त्या वागण्यामुळे बाईला स्वतःच्या सुरक्षिततेबद्दल रास्त भीती किंवा काळजी वाटली. आपल्याकडच्या मुली 'मी घाबरले नाही, मी खंबीर आहे' असं लिहितात. निवेदनात हा खंबीरपणा नको. आणि आठवत नसलेली तारीख ठोकून देऊ नका, 'साधारण अमुक महिन्यात' लिहा. खोटं निवेदन हा गुन्हा आहे आणि एक खोटी तारीख बाकीच्या खऱ्या दहांवर पाणी फिरवते.

आणखी एक खाच सासूची. पार्टनर व्हिसात नियम स्पॉन्सरने केलेल्या हिंसेभोवती उभा आहे. जाच मुख्यतः सासू-नणंदेचा असेल तर नवऱ्याचा त्यातला वाटा शोधून लिहा: तो समोर होता का, त्याने चिथवलं का, पैसे त्याने काढून घेतले का, फोन त्याने तोडला का. निवेदनाची दहा पानं सासूवर आणि नवऱ्यावर एक ओळ, असं झालं की अर्ज लंगडा पडतो.

विभागाचं या दुसऱ्या वाटेने समाधान झालं नाही तर प्रकरण स्वतंत्र तज्ज्ञाकडे जातं. तो तुमच्याशी बोलतो, आणि त्याने 'हिंसा झाली' असं मत दिलं की विभागाला ते मानावंच लागतं.

६. विभागाला स्वतः कळवा, आणि खातं आपल्या ताब्यात घ्या

व्हिसाचा अर्ज बहुतेक वेळा नवऱ्याच्या ईमेलवरून किंवा त्याच्या एजंटमार्फत भरलेला असतो. म्हणजे विभागाची पत्रं त्याच्याकडे जातात. नवऱ्याने स्पॉन्सरशिप मागे घेतली की विभाग तुम्हाला उत्तर द्यायला मुदत देतो, बहुधा २८ दिवस. ते पत्र त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहिलं तर मुदत निघून जाते आणि तुम्हाला पत्ताच नसतो. म्हणून नवं इमिअकाउंट (विभागाच्या वेबसाइटवरचं स्वतःचं खातं) उघडून त्यात अर्ज ओढून घ्या, संपर्काचा ईमेल बदला, एजंटची नेमणूक रद्द केल्याचं कळवा, आणि परिस्थिती बदलल्याचा फॉर्म १०२२ भरा. ही चारही कामं एकाच दिवशी, सुरक्षित जागी पोचल्यावर करा.

मूळ अर्जात नवऱ्याने काय लिहिलंय ते माहीत नसेल तर माहिती स्वातंत्र्याच्या कायद्याखाली स्वतःच्या फाइलची प्रत मागा, अर्जाला फी नाही. तुमचं निवेदन त्या फाइलशी विसंगत असता कामा नये.

सल्ला फक्त वकिलाचा किंवा नोंदणीकृत मायग्रेशन एजंटचा घ्या. प्रत्येक राज्यात लीगल एड आणि कम्युनिटी लीगल सेंटर मोफत सल्ला देतात. 'माझी ओळख आहे, मी करून देतो' म्हणणाऱ्या आपल्याच गाववाल्यापासून लांब राहा. तो दुसऱ्या बाजूचाही गाववाला असतो.

७. मूल असेल तर

मुलाला घेऊन गुपचूप माहेरी येऊ नका. तिकडच्या फॅमिली कोर्टात प्रकरण चालू असताना मुलाला परवानगीशिवाय देशाबाहेर नेणं हा गुन्हा आहे, आणि मुलाचं नाव विमानतळाच्या वॉचलिस्टवर घातलेलं असू शकतं. उलट नवरा मुलाला भारतात पाठवून देईल अशी भीती तुम्हाला असेल तर हीच वॉचलिस्ट तुमच्या उपयोगाची आहे. आंतरराष्ट्रीय बालअपहरणाच्या हेग करारात भारत सामील नाही, म्हणून मूल एकदा इकडे आलं की ते परत नेणं अतिशय किचकट होतं. वकिलाला हा धोका पहिल्या भेटीतच सांगा.

८. माहेरच्यांनी काय करायचं

जावयाला फोन करून दम देऊ नका. समाजाची बैठक बोलावू नका, निदान लेक सुरक्षित जागी पोचेपर्यंत तरी. बैठकीची बातमी तासाभरात तिकडे पोचते आणि रात्री तिचा फोन काढून घेतला जातो. 'सांभाळून घे, पोर लहान आहे' असे मेसेज तर मुळीच पाठवू नका, ते तिच्या फोनमध्ये त्याला सापडतात.

एक खुणेचं वाक्य ठरवा, घरच्या बोलण्यात सहज खपेल असं. "आई, कळण्याचं पीठ दळून आणलं का?" असं तिने विचारलं की पोलिसांना कळवायचं. भारतातून ००० लागत नाही, म्हणून तिच्या घराजवळच्या पोलीस ठाण्याचा लँडलाइन नंबर +६१ लावून आधीच लिहून ठेवा, सोबत तिचा पूर्ण पत्ता इंग्रजीत. मेलबर्न-सिडनी आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे आहे, ऑक्टोबर ते एप्रिल साडेपाच. इकडे जेवणं आटोपतात तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटलेली असते.

तुमच्याकडचे कागद शोधा: नवऱ्याला किंवा व्याह्यांना केलेल्या आरटीजीएस आणि यूपीआयच्या नोंदी, जळगावच्या सराफाची दागिन्यांची बिलं, लग्नपत्रिका, हॉलची पावती, वावर विकून पैसे दिले असतील तर त्या खरेदीखताची प्रत. रोख दिलेल्या पैशांचा कागद नसतो. तेव्हा कोण हजर होतं ते लिहून ठेवा.

९. परत आणून सोडलं असेल तर

पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी. गृह विभागाला ऑनलाइन लिहा की मी माझ्या मर्जीने परतलेली नाही आणि हिंसा झाली आहे. पासपोर्ट अडकवला असेल तर पोलीस ठाण्यात तशी तक्रार देऊन त्याची पोच घ्या, नवा पासपोर्ट काढा, आणि नव्या पासपोर्टचा नंबर विभागाला फॉर्म ९२९ ने कळवा. तो कळवला नाही तर व्हिसा जुन्याच नंबरला चिकटून राहतो आणि विमानतळावर अडवतात. तिसरी गोष्ट, तिकडच्या वकिलाशी व्हिडिओवर बोला.

इकडच्या कायद्यासाठी नवऱ्याच्या गावी खेटे मारायची गरज नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तुम्ही सध्या राहता तिथल्याच मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज करता येतो, माहेरचा मुक्काम तात्पुरता असला तरी. छळाचा गुन्हा १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली येतो, त्याआधीच्या घटना जुन्या ४९८अ खाली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की छळामुळे बाईने जिथे आसरा घेतला तिथेही ही तक्रार चालते. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे बाईला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, फोन १५१००. महिला हेल्पलाइन १८१. राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय कक्ष आणि परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल, दोन्हीकडे तक्रार टाका.

मात्र इकडे गुन्हा नोंदवण्याआधी दोन्ही देशांच्या वकिलांना एकमेकांशी बोलू द्या. इथल्या फिर्यादीतली तारीख आणि फॉर्म १४१० मधली तारीख जुळली नाही तर नवऱ्याचा वकील त्यावरच बोट ठेवतो.

ऑस्ट्रेलियात बारा महिने वेगळं राहिल्यावर घटस्फोटाचा अर्ज करता येतो. तसे कागद माहेरी टपालाने आले तर पाकीट न फोडता परत पाठवू नका. घटस्फोट झाल्यापासून मालमत्तेचा दावा करायला तिथे बारा महिनेच मिळतात.

१०. दुसऱ्या देशात असाल तर

अमेरिकेत नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल तर बायको फॉर्म आय-३६० ने त्याच्या सहीशिवाय, फी न भरता स्वतः अर्ज करू शकते. घटस्फोट झाला तर त्यानंतर दोन वर्षांच्या आत. नवरा नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आणि तुम्ही त्याच्यावर अवलंबून म्हणून एच-४ वर असाल तर ही वाट नाही, पण पोलिसांना सहकार्य केलेल्या पीडितांसाठी यू व्हिसा आहे. वर्षाला दहा हजारांची मर्यादा असल्याने रांग मोठी आहे. ब्रिटनमध्ये पार्टनर व्हिसावरच्या पीडितेला आधी तीन महिन्यांची तात्पुरती सवलत मिळू शकते, आणि त्या काळात कायम राहण्याचा अर्ज करायचा असतो. कॅनडात कौटुंबिक हिंसेच्या पीडितांसाठी तात्पुरता निवास परवाना आहे आणि त्यालाही फी नाही.